कोच आजींची पंगत

डब्याची सुट्टी झाली की तायडे मॅडम पदर कमरेला खोचायच्या, चटईवर मांडी ठोकून बसायच्या आणि कबड्डीच्या सामन्याचं असावं तसं पोरांच्या जेवणाचं समालोचन सुरू करायच्या. "ईशान निघाला चढाईले! भेंडीले हात लावला... सुटली भेंडी! पुन्हा गेला... धरली, धरली! आन् तोंडात! शाब्बास रे वाघा!" बाकीची पोरं टाळ्या पिटायची. मग प्रत्येकाला वाटायचं, आपलंही नाव पुकारलं जावं. बाहेर राजापेठेतल्या गाड्यांचे हॉर्न चालू असायचे, वरच्या मजल्यावर ट्यूशनवाले सर ओरडत असायचे, पण तळमजल्यावरच्या आमच्या बालवाडीतला आवाज त्या सगळ्यांना पुरून उरायचा.

मॅडम मूळच्या अकोल्याच्या. चांगल्या उंचापुऱ्या, खांदे रुंद, पावलं दणकट. तरुणपणी कबड्डी खेळल्या, मग शाळेत खेळाच्या शिक्षिका झाल्या आणि निवृत्त झाल्यावर अमरावतीच्या स्वतःच्या घरात त्यांनी ही बालवाडी काढली. पोरं त्यांना कोच आजी म्हणायची.

मी मूर्तिजापूरहून नोकरीसाठी मुलाखत द्यायला आले ती नेमकी डब्याच्या वेळी. मॅडमनी माझी फाईल न उघडताच खिडकीत ठेवली, माझ्या हातात वरणभाताची ताटली दिली आणि म्हणाल्या, "बस व, जेव." मी चटईवर बसले. शेजारच्या पोराच्या कोपरापर्यंत वरण ओघळलं होतं. त्यानं माझ्याकडे बघून हसत तो हात सरळ माझ्या नव्या ओढणीला पुसला. मी दचकले. पण त्याचा चेहरा इतका खुललेला होता की मीही माझं वरणाचं बोट त्याच्या नाकाला लावलं. तो खिदळत चटईवर आडवाच झाला. मॅडम गडगडाटी हसल्या. "उद्यापासून ये. पन असे भारीचे कपडे नको घालू, इथं रोजच होळी आहे!"

त्यांचं एक ठाम म्हणणं होतं, "आधी सांडू द्या, मंग सावरू." घास हातात धरता येईपर्यंत त्या कोणाला टोकायच्या नाहीत. एकदा हात बसला की मात्र शिस्त सुरू. दुसऱ्याच्या डब्यातलं हवं असेल तर, "चढाई विचारून करा रे पोट्टेहो." आपल्यापुढे सांडलेली शितं आपणच वेचायची. तोंडात घास असताना का बोलायचं नाही, हे त्यांनी एकदा करूनच दाखवलं. मोठा घास कोंबून त्या काहीतरी महत्त्वाचं सांगू लागल्या. पोरं कान टवकारून बसली. कोणालाच काही कळेना. घास गिळून त्या म्हणाल्या, "मी म्हनून राहिली होती का आज सगळ्याइले चिक्की आहे. कोनाले समजलं?" हॉलमध्ये एकच गलका झाला. चिक्कीची बातमी हुकता हुकता राहिली, याचा पोरांना चांगलाच धक्का बसला होता. दुसऱ्या दिवशी ईशानचे वडील सांगत आले, "मॅडम, काल जेवताना मी फोनवर बोलत होतो, तर यानं मला दम दिला. बाबा, आधी गिळा!"

अशा भरल्या घरात गार्गी आली. साडेतीन वर्षांची, काडीसारखी बारीक. तान्ही असताना ती खूप आजारी होती. वजन वाढता वाढत नव्हतं. तेव्हापासून तिची आई, अर्चनाताई, मोबाईलवर गाणी लावून तिला एकेक घास भरवायच्या. गार्गीला अन्नाला हात लावणंच सहन व्हायचं नाही. भाताचं एक शीत बोटाला चिकटलं तरी तो हात अंगापासून लांब धरून ती रडायची. तिचा डबा रोज भरलेला परत जाऊ लागला.

अर्चनाताई एक दिवस दारातच उभ्या राहिल्या. डोळे भरलेले होते. "मॅडम, तुम्ही तिला भरवत का नाही? चार घास गेले असते पोटात."

"ताई, सकाळी घरून पोटभर खाऊन येऊन राहिली न ते? मंग उपाशी नाही. मी भरवीन, ते खाईन बी. पन हात तिचा कवा होईन?"

"तुमचं सगळं खरं. पण ती आजारी होती तेव्हाच्या रात्री मी काढल्यात. शनिवारपर्यंत बघते, नाहीतर तिला घरीच ठेवते."

त्या दिवशी कोच आजींनी समालोचन केलं नाही. पोरं गेल्यावर त्या पायरीवर बसल्या. त्यांचा स्वतःचा डबाही तसाच होता. "माह्यं चुकून त नाही राहिलं न व?" त्यांनी मला विचारलं. त्यांना कोणाला असं विचारताना मी कधी ऐकलं नव्हतं.

मग त्यांनीच सांगितलं. कबड्डीचा सामना जिंकल्यावर त्यांच्या संघाला एका मोठ्या हॉटेलात जेवण दिलं होतं. गावाकडच्या पोरी, भुकेल्या. मॅडमनी हातानंच भातात आमटी कालवली, मोठे घास घेतले. पलीकडच्या टेबलावरच्या बायका बघून हसल्या. "मैदानात मले चार जनी मिळून पाडत नव्हत्या. त्या हसन्यानं पाडलं. मंग कित्येक वर्षं मले चारचौघात घास गिळवत नव्हता. लेकराइले रीत शिकवावी, पन खाताना त्याइले हसू नाही." आणि त्या एकदम उठून उभ्या राहिल्या. "रोडगे करू! शनिवारी. सगळ्या मायबापाइले बोलाव!"

शनिवारी सकाळपासून मागच्या अंगणात धूर आणि धावपळ. गोवऱ्यांच्या आरात कणकेचे टणक रोडगे भाजले जात होते. पातेल्यात तुरीचं वरण, कढईत वांग्याची भाजी, तुपाचा वास गल्लीभर. आईबाप भिंतीकडेला उभे राहिले आणि पोरं रांगेत पंगतीला बसली. कोच आजींनी प्रत्येकाच्या ताटलीत राख झटकलेला, कोमट रोडगा ठेवला आणि आरोळी ठोकली, "गडी समोर आहे! फोडा त्याले!"

काय ती धमाल! पोरं मुठींनी रोडगे ठोकू लागली. तुकडे उडाले, भुगा झाला, कोणी उभं राहून दोन्ही हातांनी दाबू लागलं. गार्गी बघत होती. रोडगा कोरडा होता, बोटांना चिकटत नव्हता. तिनं हळूच एक बुक्की मारली. काहीच झालं नाही. मग कपाळाला आठी घालून तिनं जोरात मारली, आणि रोडगा मधोमध फुटला. "फुटला!" ती किंचाळली. तिचा एवढा मोठा आवाज आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो.

ती चुरतच सुटली. कोच आजी वाकल्या. "तूप टाकू?" तिनं मान डोलावली. "वरन?" ती थबकली. हाताकडे बघितलं. मग पुन्हा मान डोलावली. वरण पडलं, बोटं पिवळी झाली, चेहरा रडवेला झाला. अर्चनाताई रुमाल घेऊन पुढे निघाल्या. कोच आजींनी त्यांचा हात घट्ट धरला. गार्गीनं आजूबाजूला पाहिलं. सगळेच माखलेले होते. तिनं बोटं नाकाशी नेली, वास घेतला आणि जिभेचं टोक लावलं. मग अख्खी मूठ तोंडात!

दुसरा घास गेला. तिसऱ्याला अर्धा हनुवटीवर, अर्धा फ्रॉकवर. अर्चनाताई भिंतीला टेकून रडत होत्या, हसत होत्या. आणि मग कोच आजींना राहवलं नाही. "गार्गीची चढाई!" असा आवाज फुटला की वरच्या ट्यूशनची पोरं खिडक्यांना लोंबकळली.

गेल्या उन्हाळ्यात बाळापूरकडच्या एका गावातून त्यांना बोलावणं आलं. पोरींचा कबड्डी संघ उभा करायचा होता. या वयात, दुखऱ्या गुडघ्यांनी! मी म्हटलं, "मॅडम, आता आराम करा." त्या माझ्यावरच उखडल्या. "कायचा आराम? तिथच्या पोरी नुसत्या पडून राहिल्या मैदानात!" बालवाडीच्या किल्ल्या माझ्या हातात कोंबून त्या अकोल्याच्या बसमध्ये चढल्या. डोळे पुसायला सवडच दिली नाही. बस हलली तरी खिडकीतून ओरडून सांगत होत्या, भात मऊ कर, वरन पातळ नको करू.

जूनमध्ये बालवाडी उघडली. पहिल्याच दिवशी एक नवीन मुलगा डबा मिठीत धरून कोपऱ्यात उभा राहिला. मी उठणार, तेवढ्यात गार्गी चटईवर सरकली आणि आपल्या शेजारची जागा तळहातानं थोपटली. तिच्या गालावर पोह्याचा दाणा चिकटलेला होता.

"इथं बस," ती म्हणाली. "इथं कोणी हसत नाही."