दोन विहिणी आणि एक निदान

माझं माहेर खर्ड्याजवळ आणि सासर पारनेर तालुक्यात. जिल्हा एकच, पण या टोकाकडून त्या टोकाला जायचं तर नगरला एसटी बदलावीच लागते. आता पाट्यांवर अहिल्यानगर आलंय, आमच्या तोंडातून मात्र अजून नगरच निघतं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं हा रिवाज. त्यामुळे माझा आजार सुरू होताना आईने पाहिला आणि पुढचा सगळा सासूने. डॉक्टर विचारायचे, "नेमकं काय काय झालं?" आणि अख्खं सांगू शकेल असं माणूस आमच्यात एकही नव्हतं. मी तर नव्हतेच नव्हते.

मला आठवतं ते तुकड्यातुकड्यानं. मुलगी झाली, पाचवीची पूजा झाली. त्या दिवशी सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते, असं आमच्याकडे मानतात. पूजेत कोरा कागद आणि पेनही ठेवतात. माझी झोप तोवर पार उडाली होती, आणि मला अगदी पक्कं कळलं की माझ्या पोरीच्या कपाळावर चुकीचं लिहिलं गेलंय. वाटलं नाही, कळलं. ओलं फडकं घेऊन मी ते पुसायला बसले. कपाळ लालभडक झालं, सोललं, तरी मी पुसत होते. आईने लेकरू माझ्या हातातून ओढून घेतलं. हे शेवटचं मला आईनेच पुढे कधीतरी सांगितलं.

मग अंगारा झाला, लिंबू झालं. त्यानंतर शहाणपण सुचून दवाखाना झाला, इंजेक्शनं झाली, आणि मी माणसांत आले. सासरी निरोप गेला तो बाळंतज्वराचा. मुलीच्या कपाळावरच्या खपलीला आई 'पुरळ' म्हणाली. मी सासूला आत्या म्हणते. आत्यांनी खपलीकडे नीट पाहिलं आणि मुलीला मांडीवर घेतलं. विचारलं काहीच नाही.

सासरी आले आणि माझी बॅटरीच उतरली. कोपरा धरून बसायची, रडायची. नवरा सुप्याच्या एमआयडीसीत कामाला. बिचारा रजा टाकून मला दवाखाने दाखवत फिरला. पहिले डॉक्टर म्हणाले डिप्रेशन. त्यांच्या गोळ्यांनी मी अशी काही उठले की दिवसभर माझी टकळी थांबेना. दुसरे म्हणाले, स्किझोफ्रेनिया असू शकतो. ते 'असू शकतो' मी घरी आणलं आणि त्यानंतर घरात कुणी मोठ्यानं हसेना. तिसऱ्यांनी अशक्तपणा म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. त्यात त्यांचीही चूक नव्हती. नवरा त्याने पाहिलं तेवढंच सांगणार, आणि त्याला सुरुवातच माहीत नव्हती; माहेरचं मीही भीतीपोटी तोंडाबाहेर काढत नव्हते.

मी डी.एड. झालेली, काही काळ शाळेवर शिकवलेलं. वर्गात ज्या पोराचं नाव माहीत नाही त्याला गप्प बसवता येत नाही, हे मला ठाऊक होतं. मला माझ्या आजाराचं नाव हवं होतं, आणि तेही माझ्या मुलीसाठी. आत्यांनी तिची अंघोळ, काजळ, तीट सगळं स्वतःकडे घेतलं होतं. त्या रानात गेल्या की चुलत जाऊ 'सहज' येऊन बसायची. रोज सहज. सगळे प्रेमानं वागत होते, म्हणून तर भांडायचीही सोय नव्हती. मुलगी बसायला लागली, रांगायला लागली, आणि मी तिला एकटीनं कधी न्हाऊ घातलं नव्हतं. हा पहारा कधी उठणार, ते कुणीच सांगू शकत नव्हतं, कारण पहारा कशावर आहे हेच कुणाला माहीत नव्हतं.

नगरच्या एका डॉक्टरबाईंकडे कुणीतरी पाठवलं. त्यांनी आमचं सगळं शांतपणे ऐकलं आणि नवऱ्याला विचारलं, "बाळंतपण कुणी केलं?"

"हिच्या आईनं."

"आणि लग्न झाल्यापासून घरात यांच्याबरोबर कोण असतं?"

"माझी आई."

"मग दोघींना एकदम घेऊन या. एकाच दिवशी, एकाच खोलीत."

नवऱ्याला यात अवघड काय ते कळेना. मला कळलं. मुलीच्या आईने विहिणीसमोर बसून सांगायचं की, बाई, मी तुम्हाला खोटं सांगितलं. फोनवर आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुला माघारी धाडलं तं मंग?"

मी म्हटलं, "धाडलं तर धाडलं. पण मला काय झालंय ते तरी कळेल."

आई पूर्वेकडच्या गाडीने आली, आम्ही पश्चिमेकडच्या. दवाखान्यात दोघी विहिणी शेजारीशेजारी बसल्या, डोक्यावर पदर, नजर जमिनीकडे. दोघींनी इस्त्रीची पातळं नेसली होती, लग्नाच्या बैठकीला यावं तशी. डॉक्टरबाईंनी आईला सांगायला सांगितलं. आईने सांगितलं. फडकं, कपाळ, अंगारा, इंजेक्शनं, काही म्हणजे काही ठेवलं नाही. "लेकराच्या कपाळाची सालटी निघाली हो म्याडम," म्हणताना तिला रडू फुटलं. मी आईचा हात धरला. तिच्या बोलण्याची मला तेव्हा लाज नाही वाटली, अभिमान वाटला, आणि तो आजही आहे.

मला वाटलं, संपलं. तर आत्या पदर सारखा करत पुढे सरकल्या.

"डॉक्टरबाई, तुमी कायबी लिवा, पर माझ्या सुनंला येडी म्हनून लिवू नगा. लई गुनाची हाय. कामाला तर वाघ हाय, वाघ."

डॉक्टरबाई म्हणाल्या, "सांगा ना. कसं काम करायची?"

एवढं पुरे होतं. आत्यांनी माझी वकिली सुरू केली. लग्नानंतरचा पहिला उन्हाळा. आमच्या घरच्या कुरडया तर मी केल्याच, मग अख्ख्या आळीचे गहू भिजायला घातले. चीक मी शिजवायचा, सोऱ्या मी दाबायचा, आळीभरच्या गच्च्यांवर माझीच वाळवणं. मग घराला रंग दिला. तो आवडला नाही म्हणून पुन्हा दिला. "सगळी आळी म्हनायची, सून मिळावी तं अशी."

"आणि झोपायची कधी?"

"निजती कुठं! जरा डोळा लावला का लागलीच उठून कामाला. दमायची न्हाई ओ. तोंड बी चालू, हात बी चालू. गानी काय म्हनायची, आयाबायांना हसवायची काय."

"असं किती दिवस चाललं?"

"वाळवणं हुती तवर. मंग पावसाळ्यात जरा मलूल पडली. जेवंना, बोलंना. आमाला वाटलं दिवस ऱ्हायले."

मी आत्यांकडे बघत राहिले. तो उन्हाळा मला माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला उन्हाळा वाटत आला होता. साऱ्या आळीने माझं कौतुक केलं होतं. कौतुकाची गोष्ट डॉक्टरला सांगायची असते, हे कुणाच्या डोक्यात येईल? आम्ही सगळे दवाखान्यात फक्त रडणं घेऊन जात होतो.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "आजी, तुम्ही फार मोलाचं सांगितलंत." मग माझ्याकडे वळून त्यांनी नाव सांगितलं. बायपोलर. मन कधी फार वर जातं, कधी फार खाली. कुरडया हे वर जाणं होतं, पावसाळा हे खाली. बाळंतपणानंतर ते इतकं वर गेलं की भानच सुटलं. डिप्रेशनच्या नुसत्या गोळ्यांनी माझी टकळी का सुरू झाली, तेही त्यांनी उलगडून सांगितलं.

"पुन्हा होईल?" मी विचारलं.

"होऊ शकतं. खोटं नाही सांगत. पण आता ते येताना दिसेल. झोप कमी झाली की आधी मला फोन करायचा. गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत. पुढचं मूल हवं असेल तर आधी माझ्याकडे यायचं."

आत्यांना एकच काळजी. "मंजी उन्हाळी कामं बंद का?"

"कामं नाही. जागरणं बंद."

मी रडले. बऱ्याच दिवसांनी ते रडणं कुणाला घाबरवणारं नव्हतं.

स्टँडवर चहा घेतला. आईची गाडी लागायला वेळ होता. आत्या बशीत चहा ओतत म्हणाल्या, "इहीनबाई, तुमी बाळंतज्वर म्हनला हुता."

आईने मान खाली घातली.

"मला कळलं हुतं. मी काय बाळंतीन पाह्यली न्हाई व्हय कधी?"

"मंग इचारलं का न्हाई?" आई म्हणाली.

"तुमी सांगितलं न्हाई म्हून मी इचारलं न्हाई." आणि बशी खाली ठेवून, "पोरगी काय भांडं हाय का, तडा दिसला म्हून माघारी द्यायला?"

आई तोंडाला पदर लावून हसली की रडली, ते मला नीट दिसलं नाही. गाडी लागली तेव्हा दोघी एकमेकींच्या पाया पडायला एकदमच वाकल्या आणि डोकी आपटली. माझा नवरा एवढ्या मोठ्यानं हसला की कंडक्टरने वळून पाहिलं.

त्यानंतर गोळ्या बदलल्या. हात थरथरले, वजन वाढलं, रक्ताच्या तपासण्या झाल्या. आत्या रोज सकाळी चहाच्या आधी विचारायच्या, "झोप लागली का?" दुसरी कुणी विचारती तर मी वैतागले असते. मन हळूहळू ठिकाणावर आलं. डॉक्टरबाई म्हणाल्या की आता मुलीचं सगळं मीच करायला हरकत नाही. नवऱ्याने ते घरी येऊन सांगितलं. आत्या हूं म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी मुलीची अंघोळ नेहमीसारखी त्यांनीच घातली. मी पंचा घेऊन शेजारी उभी राहिले.

मग एका बाजाराच्या दिवशी त्या पिशवी घेऊन उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

"झोप लागली का?"

"लागली, आत्या."

"मंग पोरीला न्हाऊ घाल. काजळाची डबी देवाम्होरं हाय. मी येती सांजच्याला."

चुलत जाऊ येईल म्हणून मी वाट पाहिली. कुणी आलं नाही. पाणी कोमट केलं, मुलीला पाटावर बसवलं, तिनं पाणी उडवून मला भिजवलं. अंग पुसून मांडीवर घेतलं. कपाळ नितळ होतं, खपलीची खूण कुठेच नव्हती. बोटाला काजळ लावलं आणि मग ते बोट तिच्या कपाळाजवळ नेऊन मी थांबले. तीच वैतागून पुढे आली आणि स्वतःच कपाळ बोटाला टेकवलं.

तीट भली मोठी झाली, आणि वाकडीही. संध्याकाळी आत्या आल्या. पिशवी ठेवून त्यांनी मुलीला उचललं, कपाळ निरखून पाहिलं आणि पदराचं टोक हातात धरलं. तीट पुसून नीट करणार असं मला वाटलं.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या, आणि त्या टोकानं स्वतःचे डोळे पुसले.