रक्ताइतकं खारट पाणी

लग्न होऊन मी बऱ्हाणपूरला आले तेव्हा जेमतेम मराठी चौथी शिकलेली होते. हे तिथल्या शाळेत विज्ञान शिकवत. शनवारा वेशीच्या आत एका गल्लीत आमचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं. पुढं ओटा, मागं मोरी. गल्लीत बरीचशी घरं विणकरांची, त्यामुळे सकाळपासून मागांची खटखट चालू असे. मूलबाळ नव्हतं, सासूसासरे आधीच गेलेले. घरात आम्ही दोघंच, आणि ह्यांना शिकवल्याशिवाय चैन पडत नसे. शाळेतून आले की उरलेलं मला शिकवत.

एका रविवारी त्यांनी शाळेतला सूक्ष्मदर्शक घरी आणला. हेडमास्तरांची परवानगी काढली होती, तरी पंच्याखाली झाकून आणला. लाल कांद्याची पातळ साल काचेवर ठेवली आणि म्हणाले, "बघ."

मी डोळा लावला. जांभळ्या रंगाची लांबट घरं, एकाला एक चिकटून. मग त्यांनी कडेनं मिठाच्या पाण्याचा थेंब सोडला. बघता बघता आतला जांभळा रंग भिंतीपासून सुटून आकसायला लागला. घर तेवढंच राहिलं, आतलं माणूस मात्र कोपऱ्यात अंग चोरून बसावं तसं झालं.

"मेलं का ते?" मी विचारलं.

"नाही अजून. बाहेर मीठ जास्त, म्हणून आतलं पाणी बाहेर गेलं. पातळ पडद्यातून पाणी नेहमी जास्त मिठाकडे, जास्त साखरेकडे जातं. ह्याला ऑस्मॉसिस म्हणतात." मग त्यांनी साधं पाणी सोडलं. थोड्या वेळानं तो रंग पुन्हा पसरला, घर भरून टम्म झालं.

"आणखी पाणी घातलं तर फुटेल?"

माझा प्रश्न त्यांना फार आवडला. त्यांनी सुई स्पिरिटनं पुसून स्वतःच्या बोटाला टोचली. रक्ताचा थेंब मिठाच्या पाण्यात टाकला, तर आतल्या गोल चकत्या सुकलेल्या बोरासारख्या सुरकुतल्या. दुसरा थेंब साध्या पाण्यात टाकला, तर चकत्या फुगल्या आणि दिसेनाशाच झाल्या. नुसतं लालसर पाणी उरलं.

"कांद्याच्या पेशीला बाहेरून भिंत असते. कितीही पाणी आत शिरलं तरी भिंत तिला धरून ठेवते," हे म्हणाले. "आपल्या रक्ताच्या पेशीला भिंत नाही गं, नुसती चामडी. साध्या पाण्यात ती फुटते, खाऱ्या पाण्यात आकसते. तिला रक्ताइतकंच खारट पाणी लागतं."

मग त्यांनी मोजून मीठ घातलेलं पाणी केलं आणि तिसरा थेंब त्यात टाकला. चकत्या होत्या तशाच गोल, सुखानं तरंगत राहिल्या. मी कितीतरी वेळ बघत बसले. त्या दिवशी वरण करपलं.

काही वर्षांनी एका उन्हाळ्यात गावात पटकी आली. आमच्याकडे हैजा म्हणत. तापीचं पाणी आटून डबक्यांत आलं होतं. रोज गल्लीतून कुणाची तरी तिरडी किंवा जनाजा जायचा. सरकारी दवाखान्यात एकच डॉक्टर. शिरेतून मिठाचं पाणी चढवलं की मरणाच्या दारातला माणूस उठून बसतो, हे डॉक्टरांना ठाऊक होतं, पण बाटल्या खांडव्याहून रेल्वेनं यायच्या आणि आल्या की संपायच्या.

हे आपण होऊन दवाखान्यात गेले. "डॉक्टरसाहेब, शाळेत पाणी डिस्टिल करायचं यंत्र आहे, चांगला तराजू आहे. मीठ शुद्ध मिळालं तर पाणी मी करून देतो."

डॉक्टर म्हणाले, "मास्तर, जरा इकडंतिकडं झालं तर माणूस जाईल."

"ठाऊक आहे मला," हे म्हणाले.

सुट्टीमुळे शाळा बंद होती. हे प्रयोगशाळेत बसून दिवसभर पाणी करायचे आणि मी बाटल्या उकळून द्यायची. पहिली बाटली आमच्याच गल्लीतल्या विणकराच्या सुनेला चढली. तिची नाडी लागत नव्हती, डोळे खोल गेले होते. पाणी चढत गेलं तसा तिच्या ओठांना रंग आला आणि तिनं पोराला जवळ मागितलं. तिची सासू आमच्या ओट्यावर येऊन ह्यांना म्हणाली, "बेटा, तू तो पानी में जान डालता है." हे नुसतं हसले, पण जेवताना मला म्हणाले, "शिकवण्याचं सार्थक झालं बघ."

मग एका सकाळी ह्यांनाच सुरू झालं. त्यांनी लपवून ठेवलं, पण मोरीतून परत येताना भिंत धरली तेव्हा मला कळलं. दुपारपर्यंत त्यांचा चेहरा ओळखू येईना. बोटांची टोकं धोब्याच्या हातासारखी पांढरी, सुरकुतलेली. पायात गोळे आले की ते दात आवळायचे. पाणी मागायचे, मी द्यायची आणि ते तसंच उलटून पडायचं. आता दवाखान्यात तोंडानंच मीठ-साखरेचं पाणी घोटघोट पाजतात आणि माणसं वाचतात. तेव्हा हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

डॉक्टर धावत आले. नाडी बघून माझ्याकडे वळले. "वहिनी, मास्तरांनी केलेलं पाणी सकाळीच संपलं. गाडीनं माल येईल तोवर..."

"मी करते," मी म्हणाले.

डॉक्टर ह्यांच्याकडे बघत राहिले. हे डोळे न उघडताच पुटपुटले, "तिला येतं." मग मला म्हणाले, "तोलताना घाई करू नकोस."

शेजारणीला ह्यांच्याजवळ बसवून मी उन्हात शाळेत गेले. शिपायानं दार उघडून दिलं, चूल पेटवली. पाणी उकळायला लागलं, वाफ नळीतून जाऊन थेंब थेंब पडू लागली. त्या थेंबांची वाट बघणं काय होतं ते मला सांगता येणार नाही. तिकडं माझ्या माणसाच्या अंगातलं पाणी निघून चाललं होतं आणि इकडं पाणी घाई करत नव्हतं.

काचेच्या पेटीतल्या तराजूवर मी मीठ तोललं. चिमूटभर जास्त पडलं म्हणून सगळं ओतून टाकलं आणि पुन्हा तोललं. विरघळवलं, गाळलं, उकळून निवू दिलं. तरी धीर होईना. म्हणून ह्यांनी केलं होतं तसंच सुई बोटाला टोचली, रक्ताचा थेंब त्यातल्या काचेवर घेतलेल्या थोड्या पाण्यात टाकला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. चकत्या गोल होत्या. फुगल्या नाहीत, आकसल्या नाहीत. तेव्हा मी बाटलीला बूच लावलं.

डॉक्टरांनी शीर उघडून पाणी चढवलं. उन्हं कलायच्या आत ह्यांचे हात कोमट झाले. आवाज परत आला. मला म्हणाले, "बरोबर झालं होतं हे तुला कसं कळलं?"

"माझं रक्त टाकून पाहिलं."

ते माझ्या बोटाकडे बघून हसले. "पास," म्हणाले. मी तिथंच, डॉक्टरांसमोर, रडले.

पण लघवी झाली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग उचक्या लागल्या, गुंगी चढत गेली. हे मला वर्गातला विद्यार्थी समजून काहीतरी समजावून सांगायचे. वाक्य अर्ध्यात सुटायचं. एका दुपारी तेही थांबलं.

डॉक्टर ओट्यावर बसून होते. मी विचारलं, "मीठ कमीजास्त झालं का माझ्याकडून? खरं सांगा."

"नाही, वहिनी. पाणी अगदी बरोबर होतं. पाणी पोचायच्या आधीच मूत्रपिंडं बंद पडली होती. त्यावर आमच्याजवळ काही नाही."

मला त्यानं दिलासा मिळाला नाही. चूक निघाली असती तर तिला कवटाळून जन्म काढता आला असता. सगळं बरोबर होऊन माणूस गेलं, त्याचं काय करायचं हे कुणी शिकवलं नव्हतं.

साथ ओसरल्यावर भाऊ बैलगाडी घेऊन मला माहेरी शाहपूरला न्यायला आला. वाटेत कपाशीच्या रानाकडेला त्यानं गाडी थांबवली आणि घरून उकळून आणलेलं पाणी तांब्यातून पुढं केलं. मी नको म्हणाले. तो म्हणाला, "ताई, ओठ बघ कसे फुटलेत तुझे." मग मी प्यायले. तांब्या रिकामा होईपर्यंत प्यायले. ते पाणी मला इतकं गोड लागलं की मला स्वतःची लाज वाटली. भावानं तोंड फिरवलं आणि बैलांना हाक घातली.