इंजिन तापेपर्यंत

थंडीत त्या गल्लीला जाग यायची ती रामगोंडा अण्णांच्या गाडीच्या घुरघुरीनं. मंगळवारी आणि शुक्रवारी तर हमखास. पलूसच्या द्राक्षबागांवर धुकं उतरलेलं, माणसं अजून गोधडीत, आणि हे अण्णा जैन बस्तीतून, म्हणजे त्यांच्या मंदिरातून, दर्शन घेऊन आले की कपाळाला गंध, कानाला मफलर अशा थाटात गाडी चालू करून ठेवायचे. मग बॉनेटवर हात ठेवून उभे. गाडी जागच्या जागी घुरघुरतेय, अण्णा जागच्या जागी उभे. सगळा धूर शेजारच्या सुलाबाईच्या खिडकीतनं आत. ती बाई काय गप्प बसणारी!

“आवं अण्णा, गाडी तापवताय का आमास्नी धुरी देताय?”

अण्णा हसून हात जोडायचे. गाडी मात्र बंद करायचे नाहीत.

गल्लीला लागून एक अरुंद बोळ आहे. बोळाच्या टोकाला धुळाचं घर. ती घुरघुर कानावर पडली की धुळा अंथरुणातनं पाय खाली सोडायचा. पाय सुजलेले, जमिनीला टेकले तरी ते आपलेच आहेत हे पटायला त्याला वेळ लागायचा. बायको अंजना हातात काठी द्यायची, खांद्यावर घोंगडी टाकायची. मग भिंतीला धरत, थांबत, दम खात तो बोळातनं निघायचा. अर्ध्या वाटेवर अण्णांची हाक यायची.

“सावकाश ये रं गड्या! इंजिन तापाय अजून वेळ हाय!”

ही हाक ऐकली की धुळाला हायसं वाटायचं. म्हणजे आपल्यापायी कुणी खोळंबलेलं नाही. खोळंबलंय ते गाडीपायी. बास, त्याला एवढंच हवं होतं.

कारण धुळा म्हणजे नाकावर माशी बसू न देणारा माणूस. मूळचा आटपाडीकडचा, दुष्काळी मुलखातला मेंढका. उभी हयात मेंढरांमागं चालला. दरसाल मेंढरं घेऊन कृष्णाकाठी उतरायचा, शेतकऱ्यांच्या रानात रात्री मेंढरं बसवायचा, त्या खताच्या बदल्यात ज्वारी घ्यायचा. ठरल्यापेक्षा मूठभर जास्त कधी घेतली नाही. कुणाच्या घरी चहा प्याला तर जाताना त्याच्या दारातलं लाकूड फोडून द्यायचा. मिंधेपणाचं त्याला वावडं होतं, आणि त्या वावड्यापायी अंजनानं आयुष्यभर किती सोसलं ते तिलाच माहीत.

अंग थकलं तेव्हा त्यानं मेंढरं विकली आणि पलूसला दोन खोल्या बांधून राहिला. मग दोन्ही किडन्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी सांगितलं, आठवड्यातनं दोनदा सांगलीला येऊन मशीनवर रक्त धुवून घ्यायचं, डायलिसिस म्हणतात ते. पाळी चुकवायची नाही. चुकली की अंगात पाणी भरणार, दम लागणार. पुढचं काही डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि धुळानं विचारलं नाही.

सुरुवातीला तो अंजनाबरोबर एस्टीनं जायचा. एकदा पायरी चढायला फार वेळ लागला. कंडक्टर बिचारा काही बोलला नाही, घंटीची दोरी धरून नुसता बघत राहिला. सगळी गाडीच बघत राहिली. मागनं कुणीतरी म्हणालं, “चढा की आजोबा, आमची बी कामं हायत.” झालं! धुळा पायरीवरनं खाली उतरला आणि तसाच घरी आला.

“माझ्यापायी लोकं खोळंबत्यात. न्हाई जायाचं मला.”

अंजना रडली, भांडली, दोन वेळ जेवली नाही. पण पुढच्या पाळीला तो गेलाच नाही. तोंडावर सूज आली, बोलताना धाप लागायला लागली, तरी हा उंबऱ्यात बसून.

तेव्हा अण्णा आले. बेदाण्याचे जुने व्यापारी. आता दुकान मुलगा आर्जव बघतो. ते येऊन बसले आणि इकडच्या तिकडच्या गप्पा मारून म्हणाले, “मंगळवारी, शुक्रवारी मला सांगलीला मार्केट यार्डात जायाचंच असतंय. एकट्याला कंटाळा येतोय. चल की सोबतीला. तुजं बी काम हुईल.”

धुळानं बराच विचार केला. “येतो. पण एक सांगतो, अण्णा. माझ्यापायी तुमी एक मिंट थांबायचं न्हाई. थांबलासा असं मला कळलं की त्या दिवसापास्नं माझं येणं बंद.”

“मी कशाला थांबतोय? पण सकाळच्या पारी गाडी तापवाय लागती मला. तेवढ्या वक्ताला आलास तर बस, न्हाईतर मी चाललो.”

असा करार झाला. अण्णा गाडी तापवायचे, धुळा तेवढ्यात पोचायचा. चार हिवाळे गेले. उन्हाळ्यात तापवायचं काय, असं कुणी म्हणेल. तर उन्हाळ्यात अण्णा एसी लावून गाडी गार करत उभे राहायचे! अण्णांच्या पत्नी त्रिशलाअक्का म्हणायच्या, “आमच्यांचं या गाडीवर लगीन लागलंय जणू.” धुळाही हसायचा. अण्णांना गाडीचं वेडच आहे म्हणायचा. अंजना लसूण न घालता शेंगदाण्याची चटणी कुटून त्याच्याबरोबर अण्णांच्या घरी पाठवायची. म्हणजे फिटंफाट, असा धुळाचा हिशेब.

मग यंदाच्या संक्रांतीला अण्णांची नात भाग्यश्री पुण्याहून आली. पोरगी गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. शुक्रवारी सकाळी म्हणाली, आज मी चालवते. बाहेर येऊन बघते तर आजोबा बॉनेटवर हात ठेवून उभे आणि मागं धुराचा लोट.

“आजोबा, केव्हापासून चालू ठेवलीय ही?”

“इंजिन तापतंय.”

“अहो, ते जुन्या गाड्यांना! हिला अर्धं मिनिट बास झालं. सुरुवातीला सावकाश चालवायची, चालता चालताच तापते ती. उभी ठेवून नुसतं पेट्रोल जळतंय आणि सुलाआजींच्या घरात धूर.”

अण्णा हातानं खुणावत होते, हळू बोल, हळू बोल. पण इंजिनाचा आवाज, तिला वाटलं आजोबांना ऐकू येत नाहीये. तिनं आणखी आवाज चढवला.

“गाडी घेतली तेव्हाच सांगितलं होतं मी! आणि तुम्हीच म्हणालात, ठाऊक हाय गं मला. मग?”

असं म्हणून तिनं आत हात घालून किल्ली फिरवली. गाडी बंद झाली. गल्ली एकदम शांत. त्या शांततेत बोळाच्या तोंडाशी काठीचा आवाज आला आणि थांबला.

धुळा उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. चार हिवाळे त्याच्या डोळ्यापुढनं गेले, उन्हाळ्यातला तो एसीसुद्धा गेला. आणि मंगळवार-शुक्रवारचं यार्डातलं काम? दुकान तर आर्जव बघतो!

“म्हंजी तुमी थांबत व्हता,” धुळा म्हणाला.

साऱ्या यार्डात ज्यांच्या शब्दावर माल उचलला जायचा, त्या अण्णांना आता तोंडावर खोटं बोलता येईना. “व्हय,” ते म्हणाले.

“आपलं काय ठरलं व्हतं?”

“ठरलं व्हतं खरं.”

“मग झालं तर.”

धुळा वळला आणि भिंतीला धरत परत घरी गेला. उंबऱ्यात बसला. अंजनानं कपाळाला हात लावला.

“आवं, पाळीची वेळ निघून चालली! मागल्या खेपेला काय दशा झाली ती ध्यानात हाय का?”

“हाय.”

“मग उठा की! तुमचा मान तुमी घेऊन बसा, आन मी काय करू ते बी सांगा. सांगा की!”

धुळानं काठी भिंतीला लावून ठेवली. राग अण्णांवर नव्हता. लाज वाटत होती. आपल्यासारख्या थकल्या माणसासाठी अण्णांनी चार वर्षं थंडीत उभं राहावं, गल्लीची बोलणी खावीत, ही लाज त्याला गिळता येत नव्हती.

एवढ्यात अण्णा बोळातनं धापा टाकत आले, मागं भाग्यश्री, चेहरा उतरलेला. अण्णा धुळाच्या शेजारी उंबऱ्यातच टेकले. दम खाल्ला. मग म्हणाले, “धुळा, वढ्याकडच्या आमच्या रानात मेंढरं बसवली व्हतीस, आठवतंय का?”

“कवाची गोष्ट काढताय अण्णा.”

“भावांनी वाटणीला चोपण रान दिलं मला. कुसळ उगवत न्हवतं. घरात ज्वारी बी न्हवती, दोन रात्रीपुरती हुती तेवढी तुला दिली. तिसऱ्या सकाळी तू माझ्याकडं आलास आन म्हणालास, अण्णा, मेंढरं दमल्यात, चालवत न्हाई त्यास्नी. आठवडाभर हितंच बसू द्या, लय उपकार हुतील.”

धुळा जमिनीकडं बघायला लागला.

“मी मागनं जाऊन बगितलं रं. तुजी दमलेली मेंढरं बांधावरनं उड्या मारत व्हती!”

भाग्यश्रीला हसू आलं, तिनं तोंडावर हात ठेवला.

“आठवडाभर मेंढरं बसली. त्याचा एक दाणा बी घेतला न्हाईस. वर माझंच उपकार मानून गेलास. त्या साली पयल्यांदा त्या रानात शाळू उभा राहिला. पोरंबाळं खाऊन-पिऊन राहिली. मी तुला कधी इचारलं न्हाई. आज इचारतो. मेंढरं दमली व्हती का रं?”

धुळानं खांद्यावरची घोंगडी सारखी केली. मग हळूच म्हणाला, “मेंढरं कुठं दमत्यात, अण्णा.”

“मग?”

“तसं दिलं असतं तर तुमी घेतलं नसतं.”

“हां,” अण्णा म्हणाले. “मग ऊठ आता.”

धुळानं घोंगडीनं डोळे पुसले. इतकी वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट या माणसाला पहिल्या दिवसापासून माहीत होती तर! त्याला हसू फुटलं, हसता हसता रडू फुटलं. अण्णांचा हात धरून तो म्हणाला, “लय केलंसा माझ्यासाठी. लय केलंसा.” आजवर कुणाला असं म्हणायची त्यानं वेळच येऊ दिली नव्हती. म्हटल्यावर आपण लहान झालो असं काही त्याला वाटलं नाही. उलट छातीवरचं ओझं उतरलं. अंजनानं चटकन काठी पुढं केली, हा पुन्हा बिथरायच्या आत.

“धुळाआजोबा, माझं चुकलं,” भाग्यश्री म्हणाली.

“तुजं कशानं चुकलं पोरी? खरं तेच बोललीस की.”

“खरं आहे ते आहेच,” ती आजोबांकडं वळून म्हणाली. “थांबायचं तर खुशाल थांबा, आजोबा. पण इंजिन बंद ठेवून थांबा.”

गाडीत बसल्या बसल्या तिनं दवाखान्यात फोन केला, नर्सबाईंनी पाळी धरून ठेवली. गल्लीतनं तिनं गाडी अगदी सावकाश काढली आणि नांद्र्यावरनं सांगलीला जाणाऱ्या रस्त्याला लागल्यावर वेग धरला. धुळा काचेतनं बाहेर बघत होता. उसाच्या फडांवरनं धुकं उठत होतं. आपण मशीनवर जगलो, डॉक्टरांवर जगलो, असं तो समजत होता. ते खरंच होतं. पण मशीनपर्यंत त्याला पोचवलं ते थंडीत बॉनेटवर ठेवलेल्या त्या हातानं. देवानं आपल्याला शेजार लय चांगला दिला, असं त्याला वाटलं, आणि तो तसं मोठ्यानं म्हणालासुद्धा. अण्णा म्हणाले, “गप बस. दम लागंल.”

मंगळवार उजाडला. भाग्यश्री पुण्याला गेलेली. गल्लीत घुरघुर नाही, धूर नाही. अण्णांनी एकदा हॉर्न वाजवला आणि गाडीला टेकून उभे राहिले. धुळा भिंतीला धरत निघाला. दम लागला तिथं थांबला. पहिल्यांदाच त्याला घाई वाटत नव्हती.

अर्ध्या वाटेवर हाक आली, “सावकाश ये रं गड्या! इंजिन तापाय अजून वेळ हाय!”

सुलाबाईनं खिडकीतनं डोकं बाहेर काढलं. “आवं अण्णा, गाडी तर बंद हाय की!”

अण्णांनी तिला हात जोडले.

धुळा गाडीपाशी पोचला. काठी काखेत धरली आणि दवानं ओल्या झालेल्या, थंडगार बॉनेटवर तळवा टेकला. तसाच थोडा वेळ राहिला.

“तापली बगा, अण्णा,” तो म्हणाला. “चला.”