समोरच्या काचा

मामंजींची कॉट खिडकीला लावली होती ती त्यांच्याच हट्टापायी. अर्धांगवायूने डावं अंग गेलं, तेव्हा ते सुनेला म्हणाले होते, "सूनबाई, पाय गेले तर गेले, डोळे तरी रस्त्यावर फिरू देत."

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत धड अशी खिडकी ती एकच. तिच्याच उजेडात सुनेचं शिलाई मशीन होतं. ती शाळेचे गणवेश शिवायची आणि मामंजी खालच्या रहदारीचं समालोचन करायचे. "ते बघ, टक्कल झाकायला टोपी घातली आणि वाऱ्याने भर चौकात अब्रू घालवली!" हसता हसता तिची टीप वाकडी जायची.

समोर ऑफिसांची उंच इमारत उभी राहू लागली, तेव्हा तिला नावं ठेवणारं या घरात कुणी नव्हतं. नवरा तिथेच काचा बसवायच्या कामावर होता. टांगत्या पाळण्यातून तो हात हलवायचा, आणि मामंजी उजवा हात उंचावून दाद द्यायचे.

उन्हाळा लागला आणि सगळं फिसकटलं. खिडकी पूर्वेची, त्यामुळे दुपारनंतर खोलीत सावली असायची. आता जेवणं आटोपायचा अवकाश, समोरच्या काचांवर आपटून ऊन थेट घरात घुसायचं. मशीनला हात लावला की चटका बसायचा. गठ्ठ्यातलं वरचं निळं कापड विटून गेलं. पडदा ओढावा तर वारा बंद, उघडावा तर डोळे दिपायचे. मामंजींची पाठ घामोळ्यांनी भरली, पण कॉट हलवायचं नाव काढलं की ते तोंड फिरवायचे.

शेवटी ती त्या इमारतीच्या मॅनेजरला जाऊन भेटली. तो भला माणूस होता. त्याने तिला बसवलं, पाणी दिलं.

"ताई, या खास काचा आहेत. ऊन आत येऊच देत नाहीत. आमचं विजेचं बिल केवढं उतरलंय!"

"पण साहेब, ते ऊन आमच्या घरात येतंय."

"सगळं नियमात बसतं हो. मी तरी काय करू, सांगा?"

खरंच, तो काय करणार होता? तिथला गारवा इतका बरा वाटत होता, की ती गरजेपेक्षा थोडी जास्तच बसून राहिली. जिना उतरताना त्या बसून राहण्याचंच तिला वाईट वाटलं.

घरी नवऱ्याला म्हणाली, "अहो, तुम्ही तरी मुकादमाला विचारून बघा."

"काय विचारू? मीच लावलेल्या काचा काढा म्हणू?" तो खिडकीतून वर बघत राहिला. "त्या मधल्या रांगा माझ्याच हातच्या आहेत."

पुढच्याच आठवड्यात ती गणवेश पोचवून परतली, तर मामंजी डोळे पांढरे करून पडलेले. अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा टिपूस नाही. शेजाऱ्यांनी उचलून दवाखान्यात नेलं. जीव वाचला. डॉक्टर म्हणाले, "यांना गार जागेत ठेवा." घरात गार जागा एकच, स्वयंपाकघर आणि मोरीमधला बोळ. तिथे कॉट मावेना, म्हणून गादी खाली टाकली. खिडकीला आतून पुठ्ठे ठोकले आणि सून दिवसाही दिव्याखाली शिवू लागली.

सुरुवातीला बोळातून हाक यायची, "सूनबाई, खाली काय चाललंय?" ती पुठ्ठा जरा बाजूला करून बघायची आणि काहीबाही रंगवून सांगायची. तिला ते जमायचं नाही. मामंजी नुसतं "हं" म्हणायचे. मग विचारणंही थांबलं. बोलणंच कमी झालं, जेवण तर दोन घासांवर आलं. डॉक्टरांना त्यात कुठलाच आजार सापडेना.

पावसाळा सरता सरता एका संध्याकाळी नवरा बोळाकडे न बघता म्हणाला, "समोरच्या इमारतीशेजारी दुसरी उठतेय. काचांचं काम आपल्याच मुकादमाकडे आहे. मला बोलावलंय."

तिने सुई ओवली.

"डबा किती वाजता लागेल?" तिने विचारलं.