ती पाळी नव्हती

फोन आईनेच केला. "तुन्ही वहिनी गई," एवढंच म्हणाली आणि ठेवला. मंगलवहिनी... माझ्या थोरल्या भावाची बायको. शहाद्याहून ब्राह्मणपुरीला पोचले, तेव्हा तिला हिरवं लुगडं नेसवून झालं होतं. सवाष्ण गेली, भाग्याची, असं बायका म्हणत होत्या.

आमच्याकडे बायकांच्या त्या जागेच्या सगळ्या दुखण्यांना एकच शब्द आहे, गरमी. वहिनीला पहिल्यांदा झाली ती खरोखर साधी बुरशी होती. खाज, दह्यासारखं पांढरं. शहाद्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून आत ठेवायच्या गोळ्या दिल्या, ती बरी झाली. निघताना त्यांनी बजावलं होतं की पुन्हा झालं, वास आला किंवा रक्त दिसलं, तर आपल्या मनाने गोळी घेऊ नका, दाखवायला या. वहिनीच्या लक्षात राहिलं ते गोळ्यांचं पाकीट. पुढे काहीही झालं की रिकामं पाकीट मेडिकलवर दाखवून ती तसंच दुसरं आणायची. अंगावरून पाण्यासारखं जाऊ लागलं, वास येऊ लागला, तरी घरात नाव तेच. गरमी. वरून सब्जा आणि ताक.

मग रक्त आलं. पाळी जाऊन बरीच वर्षं झाली होती, नातू शाळेत जात होता. शेजारची आत्या आईला म्हणाली, "तुन्ही सून तरणी व्हई गई व. आते पाळना बांधना पडी." वहिनी लाजून हसली. आई हसली नाही. "चुल्हाजोडे येऊ नको," म्हणाली. वहिनी ओट्यावर जाऊन बसली. बाहेर बसायचे दिवस काही संपेनात... हिवाळाभर ती तिथेच जेवली, तिथेच निजली.

सुट्टीत गेले तेव्हा मी तिला पाहिलं आणि त्याच दिवशी शहाद्याला नेलं. तपासून झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पाळी बंद झाल्यावर रक्त आलं, तर ती पाळी नसते. इतके महिने काय करत होता?"

"बाहेर बसेल व्हतू," वहिनी म्हणाली.

कॅन्सर गर्भाशयाच्या तोंडाशी सुरू होऊन फार पुढे गेला होता. परतताना बसमध्ये ती हळूच म्हणाली, "ताई, मंग मी उगाच बाहेर बसनू."

ओट्यावरून ती रोज आत विचारायची, "डाळमा मीठ टाकं का?" आईला विसरायची सवय. परवा गेले, तर आईने डाळ उतरवली आणि झाकण हातात धरून दाराकडे बघत थांबली. आम्ही दोघी अळणीच जेवलो.