पाच मिनिटं बारा सेकंद

"सांगू नका काका, आधी दम घेऊ द्या."

पळून आला की एक हात गुडघ्यावर, मान खाली आणि दुसऱ्या हाताचा पंजा माझ्याकडं रोखलेला, हे त्याचं रोजचंच. स्वतःचा मोबाइल माझ्या हातात देऊन "टाइम लावा" म्हणायचा, पुलापर्यंत जाऊन-येऊन सोळाशे मीटर पळायचा आणि आकडा ऐकायला मात्र भ्यायचा. धाप जरा कमी झाली की जवळ येऊन म्हणायचा, "हं, आता सांगा."

अशी पोरं तुम्हीही पाहिली असतील. आमचं गाव नांदेड-लातूर रस्त्यावर. सकाळी या रस्त्यावर ट्रक कमी आणि मिलिटरी भरतीची पोरं जास्त. मला साखर निघाली, डॉक्टरनं चालायला लावलं आणि या पोरानं मला मैलाच्या दगडावर बसवलं. "चाला की काका, न्हाई कोन म्हनतंय? माझं पळनं झाल्यावर चाला." दोन वर्षांत माझी साखर काही उतरली नाही, पण त्याचा टाइम सहा मिनिटांवरून पाच-बारावर आला.

अंगात कायम एकच बनियन, पाठीवर मिलिटरीचे ठिपके. मी चिडवायचो, "भरतीच्या आधीच वर्दी चढवली का रे?"

"बाजारात भेटली काका. खरी भेटंपर्यंत हिच्यावर भागवून राहिलो."

दिवसा मी ठाण्यासमोर टायपिंगची टपरी चालवतो. अर्ज, प्रतिज्ञापत्र, फिर्याद, झेरॉक्स, म्हणाल ते. माझ्या प्रिंटरमधून निघालेल्या प्रत्येक कागदाच्या डाव्या बाजूला एक काळी रेघ येते. दोनदा दुरुस्त केला, मेली जात नाही. ठाण्यातले जमादार लांबूनच कागद बघून माझं नाव घेतात.

त्या वर्षी पेरणीच्या तोंडावर एका सकाळी साडेसहाला त्याच्या बापाची शेतशेजाऱ्याशी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, जुंपली. धुरा कोणी कोरला, देव जाणे. काठ्या निघाल्या, शेजाऱ्याच्या डोक्याला चार टाके पडले. डोक्याची पट्टी सावरत तो फिर्याद लिहून घ्यायला माझ्याच टपरीत आला. बापाचं नाव सांगितलं, चुलत्याचं सांगितलं, मग जरा थांबून म्हणाला, "अन् ते पळनारं पोरगं. त्याचं बी टाका."

आमच्याकडं हे चालतं. भांडणात कोण होतं ते कोणी बघत नाही, कोणाचं नाव घातलं की अख्खं घर नरम येतं ते बघतात. घरात भरतीचं पोरगं असलं तर पहिलं त्याचं.

मी म्हणालो, "अहो, साडेसहाला तर ते रोडवर होतं. मी स्वतः टाइम लावला."

"तुम्हाला टायपिंग सांगितलंय मामा, वकिली न्हाई."

माझी टपरी त्याच्या मेव्हण्याच्या जागेत आहे. मी मुकाट नाव टाइप केलं आणि कागद हातात दिला.

चौथ्या दिवशी पोरगा आला. जमादार भला माणूस. त्यानं सांगितलं होतं, तू तिथं नव्हतास असा एखाद्याचा जबाब आण, मग तुझ्या नावाचं बघू. पोरगा म्हणाला, "काका, त्या दिवशी पाच-बारा आलं होतं. ध्यानात हाय ना? उद्या ठाण्यात चालता का?"

"चल की, त्यात काय!" मी म्हणालो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मुखेडला लेकीकडं पळालो. आठ दिवस राहिलो. परत आल्यावर मला ताप आला, मग एक लग्न आलं. तोवर कागद कोर्टात गेले. मी भ्यालो होतो, दुसरं काही नाही.

शेवटी एका सकाळी पुन्हा त्या दगडाकडं गेलो. तो वाटच बघत होता. "ताई बरी हाय का?" एवढंच विचारलं आणि मोबाइल माझ्या हातात दिला. त्यानं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर भरतीची लेखी परीक्षा तो पास झाला. लातूरच्या ग्राउंडवर पळण्यात पहिल्या गटात आला, दांड्याला लटकून दहा बीम मारले, मेडिकलही झालं. पेढे घेऊन टपरीत आला, बाकड्यावरच्या सगळ्यांना वाटले. मग पोलिसांची पडताळणी झाली आणि एक इंग्रजी पत्र आलं. ते घेऊन तो माझ्याकडंच आला. मी चष्मा लावला तसा त्याचा पंजा वर गेला.

"सांगू नका काका, आधी दम घेऊ द्या."

त्या दिवशी तो पळून आला नव्हता. बाकड्यावर जाऊन बसला, मग म्हणाला, "आता सांगा." गुन्हा कोर्टात आहे म्हणून घेता येत नाही, असं मी वाचून सांगितलं.

मग तो पुरता अडकला. कबूल करून दंड भरावा तर कायमचा शिक्का. लढावं तर तारखेवर तारीख. मिटवावं तर शेजारी धुऱ्यालगतचा पट्टा मागत होता आणि बाप म्हणायचा, "जीव घ्या, पट्टा देनार न्हाई." भरतीचं वय संपत आलेलं. वकिलानं मला साक्षीला बोलवायचं काढलं, तर पोरगा त्यालाच म्हणाला, "काकांना नका ओढू, त्यांची टपरी जाईल." हे मला वकिलानंच सांगितलं. तरीही आपणहून कोर्टात साक्षीला गेलो नाही, हेही लिहून ठेवतो.

पळणं त्यानं सोडलं नाही. मी विचारलं, "आता कशाला रे?"

"मंग काय करू काका? उठलं की पाय रोडकडंच येतेत."

शेवटी बापानं पट्टा सोडला. शेजाऱ्यानं कोर्टात सही केली, केस मिटली. तेव्हा वय टळून पाच महिने झाले होते.

पुण्याकडं एका कंपनीच्या गेटवर त्याला वॉचमनचं काम लागलं. निघायच्या दिवशी गाडीला वेळ होता म्हणून टपरीत आला. कंपनीनं केसचे कागद मागितले होते, ते झेरॉक्सला दिले. मी एकेक पान काचेवर ठेवत होतो. एका पानाच्या डाव्या बाजूला काळी रेघ दिसली आणि माझा हात थांबला. ही फिर्यादीची नक्कल इतके दिवस त्याच्याच घरात होती.

"बाळा," मी म्हणालो, "तो कागद..."

त्यानं पंजा उचलला. "सांगू नका काका."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. कागद पिशवीत घातले, माझ्या पाया पडला आणि गेला.

मी अजून सकाळी त्या दगडावर जाऊन बसतो. दिवाळीला त्याचा फोन येतो. ताई कशी हाय, साखर किती हाय, सगळं विचारतो. मी फोन कानाला लावून वाट बघतो. "आता सांगा" एवढं मात्र तो म्हणत नाही.