आमच्या ड्रायरने पाळलेलं सोवळं

आमच्या घरी कपडे वाळवायचा ड्रायर आहे आणि त्यात कपडे वाळत नाहीत.

महाडहून मे महिन्यात आणला तेव्हा फर्स्ट क्लास चालायचा. (मे महिन्यात पोलादपुरात कपडे नुसते हातात धरले तरी वाळतात!) त्याच जोरावर मी घरातल्या सगळ्या दोऱ्या तोडून टाकल्या. "एक तरी राहू द्या," बायको म्हणाली. "अज्ञान!" मी ओरडलो.

पाऊस लागला आणि ड्रायरने मान टाकली. चतुर्थीच्या आदल्या दिवशी सणाचं म्हणून घरातलं झाडून सगळं धुतलं, अगदी माझं पूजेचं एकुलतं एक धोतरसुद्धा. सकाळी ड्रायरमधून बाहेर काढलं, तर मोदकासारखं उकडलेलं! वाळण्याचं नाव नाही. संतापून ड्रायरला लाथ घातली. अंगठा माझाच सुजला.

तेवढ्यात गुरुजींचा फोन. "मास्तर, पोचतोच. तयार राहा, पुढे सगळी आळी बाकी आहे, थांबता यायचं नाही."

मी मेकॅनिकला फोन लावून अशा काही शिव्या घातल्या, की बायकोने मखरावर पडदा ओढला.

"काका, जाळी साफ केलीत?"

"दोनदा!"

"मग मागच्या पाइपातून गरम हवा बाहेर येते का बघा."

भर पावसात घरामागे गेलो. पाइपाच्या तोंडात प्लास्टिकची पिशवी कोंबून वर सुतळी आवळलेली!

"कुणी केला हा गाढवपणा? आत्ताच्या आत्ता घराबाहेर काढतो त्याला!"

मागच्या दारातून आई म्हणाली, "वरडतोस कशाला रे? मिरगाआदी तूच नाय का शिडी लावून घराची सगली भोकं बुजवलीस? म्हनलास, जनावर शिरंल."

"हो, मीच," मी म्हणालो. (घरात हे प्रथमच घडलं.) पिशवी उपसून उघडली. आत माझी चौकड्याची जुनी लुंगी, जी हरवली म्हणून मी पावसाळाभर बायकोचं डोकं खाल्लं होतं. खडखडीत कोरडी! आणि दारात गुरुजी.

लुंगी नेसून पाटावर बसलो. गुरुजींनी चष्मा वर केला. "मास्तर, हे काय?"

"घरात कोरडं तेवढंच हाय," आई म्हणाली.

"एवढ्या पावसात कोरडं राहिलं कसं?"

"ह्यांनी ड्रायरला लावून ठेवलं होतं ना!" बायको शांतपणे म्हणाली.

"वा! मग आम्हीही एक घ्यावा म्हणतो."

मी आचमन केलं. आरतीला मात्र भिंतीला पाठ लावूनच उभा राहिलो. लुंगीला मागे भोक होतं, आणि घरातलं तेवढं एकच भोक बुजवायचं माझ्याकडून राहिलं होतं!